मागून बुजवलेली फट

आमच्या दुकानाला पाटी नाही. काम मागच्या दाराने येतं आणि मागच्याच दाराने जातं, मग पाटी लावायची कुणासाठी, असं मालक म्हणतात. आम्ही कवळ्या करतो. दवाखान्यातून तोंडाचं माप येतं, नवी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, साच्यावर मेणाची हिरडी चढवून मी तिच्यात एकेक दात लावते, मालक मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरून ते शिजवून घट्ट करतात, आणि शेवटी चकचक्या तिला घासून-पुसून तयार करतो. चकचक्याला खरं नाव आहे, पण ते पगाराच्या दिवशीच लागतं. नवी दुकानात येऊन दोन वर्षं झाली, तरी ती नवीच आहे. मला मेणबाई म्हणतात. त्यावरून मी मऊ असेन असं ज्यांना वाटलं, त्यांना ते एकदाच वाटलं.

मालकांचं एक तत्त्व आहे. आमच्या गावाच्या कडेने नदी जाते. पूल झाल्यापासून पलीकडची माणसं इकडे कामाला यायला लागली आणि हळूहळू राहायलाही. दिसायला आमच्यासारखीच, बोलताना शब्द जरा ओढतात, एवढंच. पण एवढंसुद्धा लोकांना पुरतं. आधीच्या दुकानात मालकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं की पलीकडच्या माणसाचं माप आलं की उरलेसुरले दात लावून टाकायचे, पॉलिशचा एक हात कमी मारायचा. म्हणून स्वतःचं दुकान काढल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, माझ्याकडे इकडचा-तिकडचा चालणार नाही, तोंड सगळ्यांचं सारखं, सगळ्यांना एकच सरळ रांग. तेव्हापासून अख्खं गाव एकसारखं हसतं. चकचक्या म्हणतो, लग्नकार्यात म्हाताऱ्यांचा फोटो काढला की सगळे एकाच आईच्या पोटचे दिसतात.

तर त्या आजींचं माप आलं ते असंच आलं. वरची पूर्ण कवळी, आजी पलीकडच्या. मी नेहमीची रांग लावली. मेणातली कवळी आधी तोंडात बसवून बघतात, आणि काही अडलं तर जागच्या जागी दुरुस्त करायला मी दवाखान्यात जाते. गल्ली ओलांडली की दवाखानाच आहे.

आजी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, हात मात्र कष्ट केलेल्याचे. मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, कवळी बसवली आणि हातात आरसा दिला. आजींनी आरशात बघितलंच नाही. जीभ दातांच्या मागून फिरवली, ओठ पुढे काढले, एक फुंकर मारली आणि म्हणाल्या, "माझी फट कुठंय?"

"कसली फट, आजी?"

"पुढच्या दोन दातांत होती ती. जन्मापासून होती माझी."

मी म्हटलं, "आजी, लोक फट बुजवायला पैसे मोजतात. तुमची फुकटात बुजली."

त्या हसल्या नाहीत. "मला फट पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर आमचा म्हातारा घराबाहेर पडायचा नाही. माझे दात पडल्यापासून बसलाय तसाच खिडकीशी. असाच बसून राहिला तर पाय राहायचे नाहीत त्याचे."

मला वाटलं, काय एकेक नमुने असतात. बायकोच्या दातात फट नाही म्हणून रुसून बसणारा नवरा मी पहिल्यांदाच ऐकत होते. मॅडम त्या दिवशी घाईत होत्या. त्यांनी हे मालकांवर टाकलं आणि मालकांनी तत्त्वावर. "आज यांना फट, उद्या कुणाला वाकडा दात," ते मला म्हणाले. "आणि पलीकडची बाई म्हणून फटीचे दात दिले, असं उद्या कुणी म्हटलं तर? सगळ्यांना जे, तेच यांना."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कवळी सरळ रांगेची झाली, चकचक्याने तिला एक हात जास्तच मारला, आणि आठवड्याने आजींनी ती रुमालात गुंडाळून मॅडमच्या टेबलावर आणून ठेवली.

मधल्या काळात मॅडम कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. वेगवेगळ्या समाजांतल्या रुग्णांशी कसं वागावं, यावर ते होतं म्हणे. येताना त्यांनी एक फलक करून आणला आणि बाहेरच्या खोलीत, पाण्याच्या फिल्टरच्या वर लावला. इथे सर्व संस्कृतींचा आदर केला जातो. मॅडम वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. गरिबाकडून कमी घेतात, रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन दात बघतात. पण नवीन चाकू आणला की माणूस दिसेल ते कापत सुटतो, तसं त्यांचं झालं होतं. रुमालातली कवळी बघून त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. त्यांनी मालकांना बोलावलं, मला बोलावलं, आणि नवीलाही बोलावलं. नवी पलीकडची आहे.

"आमची चूक झाली, आजी," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला आमच्या मापाने मोजलं."

"तसं काही नाही, पोरी," आजी म्हणाल्या. "त्याचं असंय, आमचा म्हातारा…"

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "तुम्हाला कारण द्यायची काही गरज नाही. तुमची जी पद्धत असेल तिचा आम्हाला आदर आहे. कारण आम्ही विचारणार नाही."

"पण मी सांगते ना."

"नाही, आजी. तुम्ही आम्हाला समजावत बसायचं, हे बरोबर नाही. आम्हीच समजून घ्यायचं." मग त्या नवीकडे वळल्या. "तुमच्या समाजात पुढच्या दातांतली फट शुभ मानतात ना? म्हणजे, सवाष्ण बाईच्या बाबतीत? नवऱ्याच्या मानाशी त्याचा काही संबंध असतो?"

नवीने मालकांकडे बघितलं. मालक दारात उभे होते, हाताला गुलाबी भुकटी. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मग तिने आजींकडे बघितलं. त्या आता कुणाशीच बोलायच्या बेतात नव्हत्या.

"असतं," नवी म्हणाली. "काही ठिकाणी."

मॅडमचा चेहरा उजळला. मालकांनी मान खाली घातली. आयुष्यभर सगळ्यांना सारखं देऊन आपण कुणाचं तरी शुभ काढून घेत होतो की काय, असं त्यांना वाटलं असणार. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, पण इथे शीतही कुणी चावून बघितलं नव्हतं. बघितलं तर मीही नव्हतं.

दुपारी डबा खाताना मी नवीला विचारलं, "खरंच असतं तुमच्यात?"

"मला काय माहीत, ताई? माझी आजी बोळकीच होती, मी जन्मले तेव्हापासून." तिने डब्याचं झाकण लावलं. "सगळे माझ्याकडे इतक्या आशेने बघत होते. नाही म्हटलं असतं तर मन मोडलं असतं."

दुसरी कवळी फटीची झाली. ती मी जीव ओतून केली, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं. फट ठेवायची म्हणजे दोन दात लांब लावले की झालं, असं कुणाला वाटेल. पण तशी ठेवली की तिच्यात घास अडकतो, आणि कवळीवाल्या माणसाला घास अडकण्यासारखा दुसरा वैताग नाही. म्हणून समोरून फट दिसेल, पण मागून गुलाबी प्लॅस्टिकचा पातळ पडदा असेल, अशी मी ती घडवली. बाहेरून फट, आतून भिंत. हे काम सोपं नाही. मालकांनी भिंगातून बघितलं आणि काही बोलले नाहीत. मालक बोलले नाहीत म्हणजे फार आवडलं.

दवाखान्यात त्या दिवशी जरा समारंभासारखंच होतं. मॅडमच्या बाहेर बसणाऱ्या मुलीने फोटो काढायला फोन काढून ठेवला होता. कवळी बसली. फट दिसली. सगळ्यांनी वा वा केलं. आजींनी आरशात न बघता जीभ मागून फिरवली, ओठ पुढे काढले आणि फुंकर मारली. नुसतं फुस्स झालं. त्यांनी परत मारली. परत फुस्स. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले.

"भरून आलंय त्यांना," मॅडम हळूच म्हणाल्या.

फलकाखाली आजींचा फोटो काढला. त्यात त्या दात दाखवत नाहीत.

इथपर्यंत सगळं एका तोंडापुरतं होतं. पण चांगली गोष्ट एकाच माणसाला देऊन थांबणं मॅडमच्या स्वभावात नाही. त्यांनी आम्हाला कळवलं की यापुढे पलीकडच्या रुग्णांची कवळी फटीची करायची. मालकांनी नवीकडे बघितलं, नवीने साच्याकडे बघितलं, आणि आम्ही केली. पहिली केली ती एका निवृत्त बस कंडक्टरची. पंधरवड्याने तो आमच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. भरदार माणूस, आवाजही तसाच असणार, पण कुजबुजत होता.

"ताई, ही तुम्हीच केली ना? बुजवून देता का?"

"का हो? बसत नाही?"

"बसते छान. पण मला कुठे फट होती? माझ्या सात पिढ्यांत कुणाला नव्हती. नातू म्हणतो, आजोबा, दातात काहीतरी अडकलंय, नाही, काहीतरी पडलंय."

"मग दवाखान्यात सांगायचं ना तिथल्या तिथे."

"सांगितलं की. तर मॅडम म्हणाल्या, लाज वाटू देऊ नका." त्याने रुमालाने मान पुसली. "आयुष्यभर ओरडून गाड्या थांबवल्या मी. पण ती बाई इतक्या मायेने बोलत होती, की माझी दातखीळच बसली."

चकचक्या मोटरमागे तोंड लपवून हसत होता. मला मात्र राग आला, आणि तो नेमका कुणाचा आला ते कळेना, म्हणून जास्तच आला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. कवळी ठेवून घेतली, उद्या या म्हटलं, आणि दार लावायला गेले तर पायरीवर आजी उभ्या. हातात तोच रुमाल.

परत आलेलं काम म्हणजे माझ्या कपाळावरची शीर. एक पाठ फिरवतंय तोवर दुसरं हजर. मी आजीबिजी काही बघितलं नाही.

"आता काय झालं?" मी म्हटलं. "फट पाहिजे म्हणालात, फट दिली. अशी फट कुणाला काढून दाखवता येणार नाही या गावात. मला एकदा सरळ सांगा, ही फट हवीय कशाला तुम्हाला?"

बोलून गेल्यावर मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला असं बोलायला नको होतं. पण आजींच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. त्या पायरीवरच बसल्या.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "विचारलंस एकदाचं."

मी त्यांना आत घेतलं, नवीने स्टूल दिलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की आम्हाला तिघांनाही कुठे बघावं कळेना.

त्यांच्या नवऱ्याला दिसत नाही. लग्नानंतर पाचेक वर्षांत हळूहळू नजर गेली. कुणी हात धरून चालवलेलं त्याला चालत नाही, म्हणतो, मी काय बैल आहे? एकटं सोडावं तर आपटणार. मग आजींनी युक्ती काढली. आपण चार पावलं पुढे चालायचं आणि दातांच्या फटीतून बारीक शीळ घालायची. तो शिळेच्या मागे मागे येतो. खड्डा आला की दोनदा, वळायचं असलं की लांब. लोकांना वाटतं, म्हातारा आपला आपला चाललाय. त्यालाही तसंच वाटतं, आणि तेच हवं होतं. असे ते दोघं सगळं आयुष्य बाजारात, बँकेत, कुठे कुठे हिंडले. थंडीत आजींचे पुढचे दात पडले आणि शीळ गेली.

"हाक मारायची," चकचक्या म्हणाला.

"हाका बाजारात सगळेच मारतात. माझी कुठली ते कळायला नको?"

"मग शिट्टी घ्यायची विकत. पत्र्याची."

"घेतली होती. म्हणतो, ही पोलिसाची आहे, मी काय मोटार आहे?" आजींनी रुमाल उलगडून कवळी माझ्यासमोर ठेवली. "ही दिसायला छान आहे, पोरी. पण हिच्यातून वारा जात नाही."

वारा कसा जाईल? भिंत मीच घातली होती, घास अडकू नये म्हणून.

"हे तुम्ही मॅडमना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्या ऐकतच नाहीत. फार आदर करतात." मग त्यांनी नवीकडे बघितलं. "आणि ही म्हणाली, आपल्यात असतं. मला वाटलं, असेल बाई. मी तिकडून येऊन जमाना झाला. काही नवीन निघालं असेल."

नवीच्या कानापर्यंत लाली गेली. "आजी, मी खोटं बोलले."

"माहीत आहे गं. आपल्यात काय असतं ते मला नाही माहीत? बाईने शीळ घातली की थोबाडीत बसते, ते असतं." त्यांनी गालाला हात लावला, जणू कालची गोष्ट. "सासूने मारलं, जावेने मारलं. रस्त्यातून शीळ घालत चालले की पोरं मागे लागायची. म्हातारा म्हणाला, पूल झालाय, जाऊ पलीकडे. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. म्हणून आलो. शीळ घालता यावी म्हणून आलो आम्ही इकडे."

मोटर बंद होती. चकचक्याने ती आधीच कधीतरी बंद केली होती.

मी मालकांकडे गेले. ते शिजवायच्या भांड्यापाशी उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण कामाची रीत म्हणून मी परत सांगितलं. मॅडमना विचारल्याशिवाय तयार कवळीला हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियम. त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शीळ," त्या म्हणाल्या. "म्हणजे पलीकडच्या बायकांमध्ये शीळ घालायची पद्धत आहे का?"

नवी फोनपाशी गेली. दोन वर्षांत तिने मालकांच्या फोनवर एक शब्द बोललेला नव्हता. "नाही, मॅडम. आमच्यात बाईने शीळ घातली तर मार बसतो. मलाही बसलाय. आणि फटीचंही काही नसतं. ते मी उगीच म्हणाले होते."

 मग मॅडम म्हणाल्या, "पण मग हे त्यांच्या परंपरेच्या विरुद्ध होईल ना? आपण त्यात पडावं का? मला जरा विचार करू द्या."

मालकांनी फोन ठेवला. भांड्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. मला वाटलं, आता तत्त्व येणार.

"कवळी कुणाच्या तोंडात बसणार आहे?" त्यांनी विचारलं.

"आजींच्या."

"मग मला काय विचारतेस?"

मागचा पडदा मी मोटरवर कापून काढला. इतकं बारीक काम करून मग ते स्वतःच्या हाताने उडवायचं, हेही एकदा करून बघावं माणसाने. आजींनी कवळी बसवून फुंकली. या खेपेला आवाज आला, पण तो आजींनाच पटेना. फट अरुंद आहे म्हणाल्या. किती रुंद हवी? ते त्यांना सांगता येईना. साठ वर्षं रोज घातलेली शीळ, पण ती कशी होती ते त्यांना बाहेरून कधी ऐकूच आलेलं नव्हतं. ती ज्याने ऐकली होती तो खिडकीशी बसला होता, आणि दुकानात यायला तयार नव्हता, कारण आणणार कोण?

"मग आपण जाऊ," मी म्हटलं, आणि कानस, फडकं आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

त्यांचं घर बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर. खालून अरुंद जिना, वर एक खिडकी, आणि खिडकीत आजोबा. बनियन घातलेला किडकिडीत माणूस, हनुवटी खिडकीच्या कठड्यावर, तोंड रस्त्याकडे. रस्त्यावर काय चाललंय ते सगळं ऐकत होता, असं वाटलं. हातगाड्या, रिक्षा, मोबाइलच्या दुकानातलं गाणं. आम्ही समोरच्या फुटपाथवर विजेच्या खांबाशी उभ्या राहिलो.

आजींनी शीळ घातली. बारीक, टोकदार.

वरून आजोबा ओरडले, "कुणाचं कार्टं आहे रे ते? चल, पळ."

आजींनी कवळी काढून माझ्या हातात दिली. मी फटीच्या दोन्ही बाजूंना कानस मारली, पाण्याने धुतली, परत दिली. एक बाई पिशवी सावरत थांबली, आमच्याकडे बघितलं आणि गेली. आजींनी परत शीळ घातली. आता ती जरा खाली उतरली होती, जरा भरली होती.

आजोबांनी हनुवटी उचलली. "कोण आहे?" ते म्हणाले. ओरडले नाहीत, नुसतं विचारलं. त्या प्रश्नाने आजींचं तोंड इतकंसं झालं.

"अजून थोडी," त्या मला म्हणाल्या.

मला भीती वाटत होती. कानस एक वेळ जास्त चालली की दाताचा कोपरा जातो, आणि गेलेला दात मेणासारखा परत लावता येत नाही. पुन्हा सगळी कवळी करायची तर मॅडमचा विचार पुरा व्हायची वाट बघायला लागली असती. मी एकदा इकडून, एकदा तिकडून, श्वास धरून घासलं. धुतलं. दिलं.

आजींनी ती बसवली, जीभ मागून फिरवली, आणि शीळ घातली.

खिडकीत कुणी नव्हतं. कठडा रिकामा. आजोबा वैतागून आत गेले असणार, मला वाटलं, आणि मी आजींकडे बघायचं टाळलं. गाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आजींना मात्र येत असावं, कारण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग जिन्याच्या तोंडाशी काठी दिसली, आणि काठीमागे आजोबा. बनियनवर शर्ट चढवलेला, वरची दोन बटणं उलटसुलट. पायरीवर ते थांबले. आजींनी दोनदा शीळ घातली, तिथे गटाराचं झाकण वर आलेलं होतं. त्यांनी पाय उचलून झाकण ओलांडलं. आजी मागे सरकल्या, परत शीळ घातली. आजोबा गाड्यांमधून, माणसांमधून, कुणालाही न धरता, सरळ चालत आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. हात त्यांनी लावला नाही.

"कुठे होतीस इतके महिने?" ते म्हणाले.

एकाच खोलीत राहत होती दोघं. रोज तीच त्यांना वाढत होती.

"इथेच होते," आजी म्हणाल्या. "चला, बाजार बंद होईल."

त्या पुढे निघाल्या, चार पावलं ठेवून. ते मागे. मी खांबाशी कानस हातात घेऊन उभी होते, आणि मला रडू येत होतं. ते मी कानस पुसण्यात घालवलं. चपलांच्या दुकानातला पोरगा त्यांच्याकडे बघून आत कुणाला तरी म्हणाला, ते आजोबा उतरले बघ आज. कोपऱ्यावर एक लांब शीळ आली. आजोबा वळले आणि दिसेनासे झाले.

मी दुकानात परत गेले. कंडक्टरची कवळी बुजवायची होती.